तिसरा निघत नाही

बारा नोव्हेंबर. पहाटे धुकं, दहाच्या सुमारास कोवळं ऊन, वारा अजिबात नाही. ऊन चढलं की गॅरेजचा पत्रा टकटक वाजायला लागतो. तो वाजायला लागला होता.

मी तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर बोलतोय. डिझेल इंजिनाच्या डोक्यात, म्हणजे हेडमध्ये, खोल भोकात उभी बसवलेली वीतभर पोलादी नळी म्हणजे मी. वरून प्रचंड दाबाने डिझेल येतं. ते खाली सिलिंडरमध्ये नेमक्या क्षणी, नेमकं तेवढंच फवारायचं, एवढं माझं काम. सांगायला सोपं आहे. करताना मात्र मी आजवर दरवेळी चकित झालो आहे.

माझा जन्म झाला त्या खोलीत माणसं डोक्याला टोपी, तोंडाला फडकं आणि पायांत कापडी पिशव्या घालून यायची. शिंक येतेय असं वाटलं तरी माणूस पळत बाहेर जायचा. धुळीचा एक कण माझ्या पोटात गेला असता तर मी जन्मताच वाया गेलो असतो. माझ्या टोकाला भोकं पाडली ती केसाहून बारीक. पोटातली सुई माझ्यापुरतीच घासून घासून बसवली. दुसऱ्या इंजेक्टरची सुई माझ्यात चालणार नाही, माझी त्याच्यात चालणार नाही. शेवटी एका बाईने मला भिंगाखाली सावकाश फिरवलं आणि ती नुसती ‘हं’ म्हणाली. माझं कौतुक तेवढंच झालं. पण त्या ‘हं’मध्ये किती जणांचे डोळे आणि हात होते, ते मला ठाऊक आहे.

मग इंजिन. वर अंधार, खाली आग. ही आग काडीने पेटत नाही. पिस्टन वर येतो, हवा दाबतो, आणखी दाबतो, आणि नुसत्या दाबानेच ती हवा इतकी तापते की मी फवारलेलं डिझेल तिच्यात शिरताच पेट घेतं. मिनिटाला शेकडो वेळा. माणसांना रोज उगवणाऱ्या सूर्याची सवय होते म्हणतात. मला त्या आगीची सवय कधी झाली नाही.

आधी ही गाडी सामान पोचवणाऱ्या एका कंपनीकडे होती. तिथे ड्रायव्हर बदलायचे, शिव्या बदलायच्या, रस्ते तेच राहायचे. पुढे तिथल्या कुणीतरी आम्हा चारही इंजेक्टरांना एकदा बाहेर काढलं आणि परत बसवताना माझ्या बुडाखालचा तांब्याचा वॉशर जुनाच ठेवला. एवढीशी चकती. पण आगीला वर येऊ देत नाही ती हीच. एकदा दबलेला वॉशर पुन्हा नीट दबत नाही, म्हणून दरवेळी नवा घालायचा असतो. त्या माणसाला घरी जायची घाई असावी.

त्यानंतर गाडी चष्मेकाकांनी घेतली.

चष्मेकाका म्हणजे फिरते चष्मेवाले. मागच्या भागात त्यांनी खुर्ची बसवली, अक्षरांचा तक्ता लावला, भिंगांचे खण केले. डोंगरातल्या वस्त्यांवर जायचं, झाडाखाली गाडी लावायची, इंजिन संथ चालू ठेवायचं आणि त्याच्या विजेवर तक्त्यावरचा दिवा लावायचा. म्हणजे त्या दिव्यात एक हिस्सा माझ्या आगीचा. मागचं मला दिसत नाही, पण पोलादातून ऐकू फार छान येतं. मी काम करता करता ऐकायचो.

“वाचा.”

“काय वाचू? भिंत दिसतेय.”

“भिंतीवर काय आहे?”

“तुम्हालाच दिसत नसेल तर मी काय सांगू!”

मग भिंगं बदलल्याचा खुटखुट आवाज. हे बरं का ते? ते बरं का हे? आणि मग एखादा माणूस एकदम गप्प व्हायचा. ती शांतता मी कधी विसरणार नाही. एकदा एक म्हातारी अशीच बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “अहो, त्या झाडाला पानं आहेत.”

“आधीपासून आहेत, आजी.”

“तसं नव्हे. सुटी सुटी आहेत.”

मी आगीशी खेळणारा, पण त्या दिवशी माझ्या आगीपेक्षा मोठं काहीतरी गाडीच्या मागच्या भागात घडलं असं मला वाटलं.

दुखणं मात्र माझ्या बुडाशी चालू झालं होतं. थकलेल्या वॉशरच्या कडेने जळका वायू हळूहळू वर यायला लागला. भोकाच्या भिंतीला आणि माझ्या अंगाला काजळी धरली, ती तापून डांबरासारखी झाली, मग दगडासारखी. मी भोकात होतो की भोकच माझ्याभोवती वाढलं होतं, हे कळेनासं झालं. वर एक बारीक शिट्टी वाजायला लागली.

चष्मेकाकांना ती शिट्टी ऐकू आली. त्यांनी बॉनेट उघडलं, माझ्याभोवतीची वरची काजळी काडीने खरवडली आणि त्यांना फट दिसली. आता फट दिसल्यावर गप्प बसणं या माणसाच्या स्वभावात नाही. चष्म्याच्या चौकटीत काच किंचित हलली तरी त्यांना चैन पडत नाही. त्यांनी आपल्या खणातल्या दोन नळ्या काढल्या, दोन्हीतला गोंद एकत्र कालवला आणि माझ्या भोवती काडीने असा सुरेख गोल भरला की एखाद्या कारागिराने पाहत राहावं. गोंद काचेसारखा टणक झाला. शिट्टी थांबली. काका खूश झाले, आणि नंतर ती गोष्ट विसरूनही गेले. त्यांच्या हातून दिवसाला अशा कितीतरी फटी बुजायच्या.

शिट्टी थांबली, पण गळती थांबली नाही. माझं फवारणं बिघडलं. गाडी चालू व्हायला कुरकुरायची, काळा धूर ओकायची, चढावर धापा टाकायची. अशी धापा टाकत ती बारा नोव्हेंबरला या गॅरेजमध्ये आली.

हे गॅरेज नणंद-भावजयीचं. दोघींना जोडणारा माणूस, एकीचा नवरा आणि दुसरीचा भाऊ, शाळेत गणित शिकवतो आणि त्याला साधं चाकही बदलता येत नाही, हे त्या दोघी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. भावजय म्हणजे वहिनी, सावकाश, पण तिचा हात फिरलेलं काम परत येत नाही अशी. नणंद धाकटी, झपाट्याची. वहिनी तिला एरवी ‘अगं’ म्हणते. चिडली की ‘वन्सं’ म्हणते आणि ‘तुम्ही’ सुरू होतं.

वहिनीने इंजिन बंद करून आधी नुसतीच वाट पाहिली. धाकटी पाना घेऊन पुढे आली तर म्हणाली, “थांब. आतला दाब उतरू दे. ते डिझेल सुटलं तर कातडीतून आत शिरेल.” मग बॅटरीची तार काढली. नळ्या सोडवल्या आणि उघड्या तोंडांना लगेच बुचं लावली. पहिला इंजेक्टर निघाला. दुसरा निघाला. चौथा थोडा रुसून निघाला.

“तिसरा निघत नाही,” धाकटी म्हणाली.

“निघत नाही, की अजून निघाला नाही?”

“वहिनी, घरात एक मास्तर पुरे.”

चष्मेकाका बाजूला लाकडी स्टुलावर बसले होते. त्यांनी विचारलं, “जोर लावला आणि तुटला तर?”

वहिनीने हात पुसले. ती गोड बोलत नाही, हे मला तेव्हा कळलं. “तुटला तर टोक आत राहील. मग हेड उतरवावं लागेल. या इंजिनाचं हेड उतरवताना बोल्ट तुटतात, कधी हेडलाच तडा जातो. आणि नवं हेड आता कुठे मिळत नाही, काका.”

“म्हणजे गाडी?”

“इथेच राहील.”

काकांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “मुलाने सांगून ठेवलंय. या खेपेला गाडी बसली की मीही बसायचं. त्याने माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय.”

“कुठला रंग?” धाकटीने विचारलं.

“मी विचारलं नाही.”

वर पत्रा वाजत होता. आणि मला माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच भीती वाटली, कारण या माणसाचं फिरणं आता माझ्या कमरेतल्या पोलादावर टांगलेलं होतं.

धाकटीला एक जलद युक्ती ठाऊक होती. “मी आधी होते ना, तिथे काय करायचे? इंजेक्टर दाबून धरणारा क्लॅम्प ढिला करायचा, स्टार्टर मारायचा. आतला दाबच इंजेक्टर वर फेकतो. काम फत्ते!”

“कुठवर फेकतो?”

“वर.”

“तिथल्या छताला भोक होतं, ते कशाचं म्हणाली होतीस तू?”

“ते… ते त्याचंच.”

“आणि तिथे कुणाचं डोकं असतं तर?”

“नव्हतं ना पण!”

“आपल्याकडे तीन डोकी आहेत. त्यांतलं एक गिऱ्हाइकाचं.”

काका हसले. युक्ती तिथेच संपली.

वहिनीने जाम सोडवायचं तेल माझ्याभोवती ओतलं. “पिऊ दे त्याला. आपण जेवून घेऊ.” हीच तिची रीत. जाम झालेल्या वस्तूला आधी तेल, मग वेळ, मग हात. तिघं जेवले. काकांनी दोघींचे डोळे तपासले, आणि धाकटीला जवळचं कमी दिसतं असं निघालं. धाकटीने ते मान्य केलं नाही.

परत येऊन वहिनीने टॉर्चचा उजेड पाडला. तेल ओतलं होतं तसंच, तळ्यासारखं उभं. एक थेंब खाली उतरला नव्हता.

मला कारण माहीत होतं. माझ्या गळ्याभोवती ती काचेसारख्या गोंदाची वळी होती. पण मी कुणाला सांगणार? आम्हा वस्तूंचं हेच आहे. सगळं ठाऊक असतं आणि सांगण्याजोगं तोंड नसतं.

वहिनी आणखी तेल आणायला आत गेली. धाकटीने पान्याला लांब पाइप जोडला, पाय रोवले आणि जोर दिला. माझ्या मानेत पीळ भरला. डोकं फिरायला बघत होतं, अंग जागचं हलत नव्हतं. पोलाद तुटण्याआधी एक बारीक आवाज करतं, माणसाच्या कानाला न येणारा. मी तो आवाज काढायच्या बेतात होतो.

“वन्सं!”

धाकटीने पाना सोडला.

“तुमच्या हाताला काही कळलं का? की नुसता दंडच लावलात?”

धाकटीने पाइप काढून ठेवला. मग खाली बघत म्हणाली, “कळलं. गंजाने धरलेला असा लागत नाही. गंज कुरकुरतो. हा मुका आहे. कशाने तरी चिकटवल्यासारखा.”

वहिनीने ते ऐकलं आणि तिचा राग तिथेच ओसरला. तिने तेल टिपून घेतलं, डोकं अगदी आत घातलं, सुईने माझ्या कडेला टोचून पाहिलं. एक पिवळसर, आरपार दिसणारी खपली निघाली. तिने ती बोटाच्या टोकावर धरली.

“काका, हे काय असेल?”

काकांनी डोळ्याला भिंग लावलं. खपली उजेडात फिरवली. मग सावकाश म्हणाले, “हे माझं आहे.”

“तुमचं?”

“काचेचा गोंद. शिट्टी वाजत होती हो. फट दिसली. फट दिसली की मला राहवत नाही.”

धाकटी इतकी हसली की तिला मडगार्डचा आधार घ्यावा लागला. “काका, इंजिनाला चष्मा बसवलात!”

“नीट बसवला होता,” काका जरा दुखावून म्हणाले.

“नीटच बसलाय! तीच तर पंचाईत आहे.”

“हा गोंद सुटतो कशाने?” वहिनीने विचारलं. तिला हसायला फुरसत नव्हती.

“गरम हवेने. चौकट तापवायचा माझा झोत आहे ना गाडीत. मऊ झाला की आकड्याने उचलायचा. पण घाई केली तर काच तडकते.” ते थांबले. “म्हणजे, इथे काच नाही.”

“इथे तडकण्यासारखं बरंच आहे,” वहिनी म्हणाली.

पुढचं जे घडलं ते मी आयुष्यभर आग पाहिलेल्या कुणालाही सांगायला तयार आहे. वहिनीने आधी तेलाचा आणि डिझेलचा प्रत्येक थेंब पुसला. बुचं पुन्हा तपासली. तेलकट फडकी बाहेर नेली. आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवलं. माझ्या डोक्यावरची विजेची टोपी आधीच काढली होती; उरलेल्या भागावर ओलं फडकं गुंडाळलं. तिघांनी डोळ्यांवर जाड चष्मे चढवले. काकांनी आपल्या चष्म्यावरच तो चढवला आणि म्हणाले, “हा कुणी बनवला? नाकावर किती बोचतोय!”

मग ते इंजिनावर वाकले. गरम हवेचा बारीक झोत माझ्या गळ्याभोवती फिरायला लागला. एका जागी थांबत नव्हता. दुसऱ्या हातात आकडा. धाकटीने व्हॅक्यूमची नळी अशी धरली होती की सुटलेली खपली खाली पडायच्या आत ओढली जावी.

“खाली दाबू नका, काका. बाहेर ओढा.”

“हो.”

“हवा माझ्या बोटावर येतेय,” धाकटी म्हणाली.

“बोट काढ.”

“बोट काढलं तर नळी हलते.”

“मग भाजू दे थोडं,” वहिनी म्हणाली आणि स्वतःचं ओलं फडकं तिच्या बोटाला गुंडाळलं.

इंजिनाच्या आत मी जे पाहिलं ते सगळं वेगाचं होतं. दाब, स्फोट, धडधड. त्यातच मोठेपण असतं अशी माझी समजूत होती. त्या दुपारी मी उलटं पाहिलं. तीन माणसं, सहा हात, आणि एकही हात थरथरत नव्हता. काका आकडा लावताना श्वास धरायचे, तेव्हा त्या दोघीही न सांगता श्वास धरायच्या. मी केसाहून बारीक भोकांचा मालक. पण एवढा बारीक हळुवारपणा माझ्या जन्माच्या खोलीनंतर मला कुठे भेटला नव्हता, आणि इथे तर पायांत चपला आणि खाली तेलाचे डाग होते.

वळी सुटली. अखेरचा तुकडा काकांनी उचलला आणि सवयीने खिशात टाकला.

इंजिन निवल्यावर वहिनीने पुन्हा तेल सोडलं. या वेळी ते खाली उतरलं. मला ते कळलं. किती वर्षांत माझ्या अंगाला आग सोडून काही लागलं नव्हतं; आता एक थंड रेघ हळूहळू काजळीतून वाट काढत येत होती. वरून बारीक बुडबुडे निघाले.

“पितोय,” वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदा काहीतरी मऊ आलं.

दुपार कलली तसं तिने पाना उचलला, आणि मग धाकटीपुढे धरला. “तू कर.”

“मी? मघाशी तर…”

“मघाशी पाइप लावला होतास. आता मनगट लाव. मुका आहे हे तुलाच कळलं होतं.”

धाकटीने आखूड पाना माझ्या कमरेला लावला. केसभर डावीकडे. केसभर उजवीकडे. जोर वाढला की लगेच थांबायची, परत यायची, तेल सोडायची.

“हलला.”

“हलला की भास?”

“वहिनी, माझ्या मनगटाला विचार.”

काका उभे राहिले. मी हललो होतो. काजळीचा दगड माझ्या अंगावर चुरा होत होता, आणि मी डावी-उजवीकडे जरा जरा अधिक वळत होतो. मग दोघींनी माझ्या डोक्याच्या आट्यांवर पुलर बसवला. त्याच्या दांड्यावर एक जड वजन वरखाली सरकतं. ते वर आपटलं की मी वर ओढला जातो. धाकटीने ते जोराने आपटलं नाही. टिचकी मारावी तसं मारलं. तेल. जरा फिरवणं. पुन्हा टिचकी. आणि एका टिचकीसरशी माझ्याभोवतीचं सगळं एकदम सैल झालं.

मी वर आलो. मला हवा लागली. चहूबाजूंनी, एकाच वेळी. ज्याचं सगळं आयुष्य एका भोकात गेलं त्याला हवा म्हणजे काय, हे मला नीट सांगता येणार नाही.

काकांनी आधी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते स्टुलावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, “पाणी आहे का?”

वहिनीने उघड्या भोकात कोरडी फडकी कोंबली. मग एकेक फडकं काढत आकड्याने तळाचा जुना वॉशर उचलला, ग्रीस माखलेल्या ब्रशने बैठक पुसली, व्हॅक्यूमने कण ओढले. काकांनी छोटा आरसा आणि भिंग आत धरलं. “एक ओरखडा नाही.” वहिनीने तरीही स्वतः पाहिलं. धाकटीने पाहायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, “मला काहीच नीट दिसत नाही.”

“बघा,” काका म्हणाले, “मी सांगत होतो.”

मला साफ करून पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानात तपासणीच्या यंत्रावर चढवलं. दाब दिला. फवारा एका बाजूने तुटका आला, आणि फवारा थांबल्यावर माझ्या टोकाशी डिझेलचा एक थेंब लोंबत राहिला. तो पडला, दुसरा आला. यंत्रवाल्याने मान हलवली.

मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण मी इतकं पाहिलं आहे की तक्रारीला जागा उरत नाही. वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडेही कधी काही जाम झालेलं सोडवायची वेळ येईल. तेव्हा आधी दाब उतरू द्या. तेलाला त्याचा वेळ द्या. आणि ते कशाने धरलं आहे हे बोटांना कळेपर्यंत लांब पाइप लावू नका. एवढीच विनंती. मला तीन जणांनी अखंड बाहेर काढलं. याहून मोठा निरोप पोलादाला मिळत नसावा.

तेरा नोव्हेंबर. ढगाळ, थंडी, अधूनमधून वारा. पहिला, दुसरा आणि चौथा इंजेक्टर साफ करून, नवे तांब्याचे वॉशर घालून परत बसवले. तिसऱ्या जागी नवा बसवला. हेडला तडा नाही. गाडी दुसऱ्या स्टार्टला चालू झाली, धूर नाही. चष्मेकाका जेवून वरच्या वस्त्यांकडे निघून गेले. मी टोकातून गळतो, म्हणून बाद. गॅरेजच्या दाराशी भंगाराच्या डब्यात आहे.